सकाळी आलेली अठरा पोरं

शाळेतली पोरं अनवरीबीला नावानं हाक मारत नसत. मारणार कशी? एक बोट नाकावर, तिच्या चमकीच्या जागी, ठेवलं की झाली अनवरीबी. पस्तीस वर्षांत कितीतरी पोरं आली, शिकली, लग्नं होऊन गेली, पण ही खूण तीच राहिली.

जालन्यात मस्तगड भागातल्या एका गल्लीत किशनलालजींनी ती शाळा काढली होती. कागदावर नाव मोठं होतं, मूकबधिर निवासी विद्यालय वगैरे. लोक म्हणत, 'शेठची मुक्यांची शाळा'. किशनलालजींच्या धाकट्या मुलीला ऐकू येत नव्हतं आणि तिच्यासारखी अजून किती असतील म्हणून त्यांनी शोध घेतला, तेव्हा पहिला सापडला तो हाशिम, अनवरीबीचा धाकटा भाऊ. आई गेलेली, वडील हमाली करणारे, हाशिमला अनवरीनंच वाढवलेलं. बहीणभावानं घरातल्या घरात खुणांची एक बोली करून टाकली होती. ती त्याला शाळेत सोडायला जायची आणि तो रडायचा म्हणून दारात बसून राहायची. आठवड्याभरानं किशनलालजींची बायको पानबाई म्हणाली, "बैठीच है तो अंदर बैठ." तेव्हापासून ती आत बसली ती बसलीच. हाशिम मोठा होऊन लोखंडाच्या कारखान्यात लागला. तिथल्या आवाजानं बाकीच्यांचे कान जातात, त्याला कसली भीती? अनवरीबी मात्र शाळेतच राहिली. पोरांना न्हाऊ घालणं, गाद्या उन्हात टाकणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं, ही तिची नोकरी. हुद्दा होता काळजीवाहक.

मागच्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचा नवरा लालमियाँ वारला. गाद्या पिंजायचा, दमा होता. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसला तो तसाच. बाया जमल्या, रडल्या, अनवरीबीकडं बघून राहिल्या. तिला रडू आलं नाही. ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली. कोणीतरी सूप हातातून काढून घेतलं तेव्हा तिनं ते देऊनही टाकलं. पुढं चार महिने दहा दिवस इद्दतीत घरात बसली. त्या दिवसांत तिला काहीच झालं नाही, म्हणजे दुःखही नाही. मुका मार लागल्यावर हात बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं.

इद्दत संपवून ती शाळेत गेली तेव्हा एकतीस पोरांची सतरा राहिली होती. लहान पोरं अंथरूण ओलं करायची, त्यांना उठवायला कोणी नव्हतं. दोघांना खरूज झाली. आईबाप आले, बघितलं आणि पोरं घेऊन गेले. अनवरीबीनं रिकाम्या खाटा मोजल्या नाहीत. चादरी काढल्या, धुतल्या, वाळत घातल्या.

शाळा आता किशनलालजींचा नातू श्रेयांस बघत होता. वाईट माणूस नव्हता. आजोबांची आठवण म्हणून चालवत होता, पण त्याचा जीव बियाण्यांच्या धंद्यात. शाळेचं सगळं हरिओम क्लार्कच्या हातात. हजेरीवर चाळीसच्या चाळीस नावं होती आणि सरकारचं अनुदान त्याच हजेरीवर येत होतं.

डिसेंबरात पत्र आलं. विधिमंडळाची समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येणार, शिक्षणावर आणि समाजकल्याणावर सरकारनं दिलेला निधी कुठं जातो ते बघणार, आणि बघायच्या संस्थांच्या यादीत आपली शाळा. हरिओमच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतींना चुना लागला, नव्या चादरी आल्या, संडासाला कडी बसली. आदल्या दिवशी हरिओम अनवरीबीजवळ येऊन उभा राहिला.

"अनवरीबी, मी गावाकडून पोरं आणून राह्यलो, पाचेक रजेवर दाखवू. एका दिवसाचा प्रश्न हाय. तुम्ही फक्त गप ऱ्हा."

"कशी पोरं?"

"चांगली हायेत. आपल्याच भावकीतली."

"ऐकणारी?"

हरिओम खाली बघू लागला. "मंग काय करू? पट कमी दिसला तर शाळा बंद होईल. ही सतरा कुठं जातील, सांगा बरं. मी काय माझ्या घराचं बघून राह्यलो का?"

तेही खोटं नव्हतं. अनवरीबी नव्या चादरी अंथरायला गेली.

सकाळी राजूरकडून टेंपो आला. अठरा पोरं उतरली, स्वेटर घातलेली, जालना बघायला मिळणार म्हणून खुशीत. हरिओमनं त्यांना ओळीत बसवलं आणि बजावलं, "तोंड उघडायचं न्हाई. कोणी मागून हाक मारली तरी वळायचं न्हाई. बिलकुल न्हाई. दुपारी गुलाबजाम." मग कपाटातून डबा काढला. निघून गेलेल्या पोरांची बंद पडलेली कानयंत्रं त्यात होती. ती एकेक करून त्यानं त्या पोरांच्या कानात बसवली. एका पोरीला गुदगुल्या झाल्या, ती हसली. बाकीची सतरा पोरं भिंतीला पाठ लावून हे बघत होती. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

साडेअकराला गाड्या आल्या. चार-पाच आमदार, सोबत अधिकारी, हातात फायली घेतलेले कारकून. श्रेयांसनं हार घालायला घेतले तर अध्यक्ष म्हणाले, "हार राहू द्या. हजेरीपत्रक दाखवा." ते सगळे ऑफिसात बसले. समितीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, आमदार होण्याआधी शिक्षिका होत्या म्हणे. त्या ऑफिसात बसल्या नाहीत. "मुलींच्या खोल्या कुठं आहेत?" म्हणून विचारत सरळ आत आल्या. मागोमाग श्रेयांस आणि हरिओम.

बाई एका खाटेवर बसल्या. शेजारी द्वारका उभी होती, आष्टीच्या भिवाची नऊ वर्षांची पोरगी. पलीकडच्या खाटेवर टेंपोतून आलेली ती हसणारी पोरगी, कानात यंत्र, नजर जमिनीवर.

"हिच्याशी मला बोलायचंय," बाई द्वारकाकडं बोट करून म्हणाल्या. "कोण बोलून देईल?"

शिक्षक ऑफिसात होते. अनवरीबी पुढं झाली.

"तिला विचारा, ही शेजारची तिची मैत्रीण आहे का?"

अनवरीबीनं हातांनी विचारलं. द्वारकानं एकदम, जोरजोरात हात हलवले. ती चिडलेली होती. ही नाही. ही आज सकाळी आली, टेंपोतून, पुष्कळ आली. ही खाट नसीमची आहे. नसीम घरी गेली. हिनं नसीमचं यंत्र कानात घातलंय. काढायला सांग. नसीम आली की काय घालील?

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

दारात श्रेयांस होता. हरिओमनं डोळे मिटून घेतले होते. नंतर लोकांनी अनवरीबीला खूप विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं म्हणून. हिंमत कशी झाली? तिला हिंमत झाली नव्हती. "हो म्हणते" एवढंच बोलायचं होतं, पण द्वारका तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, आणि ते दोन शब्द जुळवून तोंडातून काढायला जी ताकद लागते, ती त्या दिवशी अंगात नव्हती. समोर जे होतं ते तसंच बाहेर आलं.

"ही आज सकाळी आली म्हणते. टेंपोतून. खाट नसीमची हाय. कानातलं यंत्र बी नसीमचं हाय, ते काढून ठेवायला सांगा म्हणते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला.

"अशा आणखी किती जणी आल्या सकाळी?"

"तिला विचारू का मी सांगू?"

"तुम्हीच सांगा."

"पोरं-पोरी मिळून अठरा."

पुढचं पटापट झालं. अध्यक्ष आत आले, पोरांना नावं विचारली. राजूरकडची पोरं घाबरून बोलायला लागली. पंचनामा झाला, हजेरीपत्रक ताब्यात घेतलं. अनवरीबीचा जबाब लिहून घेतला, तिनं उर्दूत सही केली. समितीसाठी जेवण केलं होतं, कोणी जेवलं नाही. गाड्या गेल्या.

मग ते जेवण पोरांना वाढलं. आता गप बसायचं कारण उरलं नव्हतं. अठरा पोरं एकदम बोलत होती, हसत होती, गुलाबजामावरून भांडत होती. त्या जेवणघरात एवढा आवाज कधी झाला नव्हता. सतरा पोरं घास हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. अनवरीबी वाढत होती.

श्रेयांस संध्याकाळी आला. "मौसी, तुम्ही खोटं बोलायला पाहिजे होतं असं मी म्हणू शकत न्हाई," एवढं म्हणाला आणि निघून गेला. हरिओमनं तिच्याकडं बघितलंच नाही.

खात्याच्या सचिवांची मुंबईत साक्ष झाली. मार्चमध्ये समितीनं अहवाल सभागृहात मांडला, ताशेरे ओढले गेले. पेपरात तिसऱ्या पानावर बातमी आली. हाशिमची बायको अंबरीन पेपर घेऊन आली. "आपा, पढ़के सुनाऊँ?" म्हणाली आणि अडखळत मराठी वाचलं, 'एका जागरूक कर्मचाऱ्यामुळे हा प्रकार उघडकीस आला.'

"जागरूक कौन?" अनवरीबीनं विचारलं.

"तुमीच, आपा. और कौन?"

अनवरीबीनं मान हलवली आणि भाकरी उलटली.

मे महिन्यात मान्यता रद्द झाली. पोरांना दुसऱ्या शाळेत समायोजित करावं असा आदेश निघाला. ती शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, जायला अर्धा दिवस. सतरापैकी नऊ गेली, आठ घरी बसली. श्रेयांसनं खाटा विकल्या आणि इमारतीत बियाण्यांच्या गोण्या लावल्या. हरिओम गावाकडं शेती करतो असं ऐकलं. अनवरीबी घरी बसली. त्या आमदार बाईंनी जाताना आपला नंबर लिहून दिला होता, काही लागलं तर फोन करा म्हणून. काय मागायचं ते तिला सुचलं नाही.

दिवाळीच्या आधी एके दिवशी ती परतूरमार्गे आष्टीला गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. अंबरीननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ऐसेच."

भिवाचं घर विचारत विचारत सापडलं. द्वारका अंगणात शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं, शेंगा टाकल्या आणि बोट नाकावर ठेवलं. मग तिचे हात सुरू झाले. तासभर थांबले नाहीत. कोंबडीला किती पिल्लं झाली, मांजरानं किती नेली, गल्लीतली पोरं तिला मागून खडे मारतात, आजीचे दात काढले, मोठ्या पावसात भिंत पडली. पाच-सहा महिन्यांचं सगळं साठलेलं. घरात कोणाला हे कळत नव्हतं. भूक लागली की ती भाकरीची टोपली दाखवायची आणि त्यांना काही सांगायचं असलं की ते तिचा खांदा हलवायचे. एवढ्यावर घर चाललं होतं.

शेवटी तिनं विचारलं, शाळा कधी उघडणार?

नाही उघडणार, अनवरीबीचे हात म्हणाले.

का? मी यंत्राचं सांगितलं म्हणून?

नाही. सांगितलं मी.

द्वारकानं यावर जरा विचार केला आणि पिल्लं दाखवायला तिला ओढत घेऊन गेली.

तिची आई चहा घेऊन उभी होती. "एवढं काय बोलून राह्यली ती, मावशी?"

"भिंत पडल्याचं सांगती."

"अगं बाई! ते तिला माहीत हाय व्हय? आम्ही तर ती भ्याली म्हणून तिला आत घेतलं नुसतं." बाईनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "तुमी येत जा की मावशी अधूनमधून. मला बी शिकवा ते हाताचं. जल्दी न्हाई येणार मला, पण शिकवा. यायचा-जायचा खर्चा आम्ही देऊ."

अनवरीबीनं खर्चाचं काही मनावर घेतलं नाही. तिनं बाईचा हात हातात घेतला, बोटं मिटली, उघडली, पाण्याची खूण करून दाखवली. बाईनं चुकीची केली. द्वारका हसली आणि आईची बोटं धरून नीट केली.

आता दर सोमवारी ती आष्टीला जाते. बसमध्ये खिडकीशी बसते. लालमियाँची आठवण येते, शाळेची येते, हरिओमचे मिटलेले डोळे दिसतात, पण ते सगळं लांबून येतं, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. मागच्या सोमवारी द्वारकाच्या आईनं न चुकता पंधरा खुणा केल्या. अनवरीबीनं बराबर म्हणून मान हलवली आणि सोळावी दाखवली.