सेल्फची बारीक वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवळात उभा राहिलो तेव्हाही नाही — म्हटलं, त्याला ठाऊक असेलच, मग तोंड कशाला उघडा? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी मालवणात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जुन्या गाड्या जास्त. आमच्या खाऱ्या हवेत वायर वरून चांगली दिसते आणि आतून हिरवी पडून मेलेली असते, त्यामुळे काम कधी संपत नाही. लोक म्हणायचे, बाबलनं बॉनेट उघडलं की गाडी स्वतःहून दुखणं सांगते. हे मला फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे कळेलच.

तात्या पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती, मुंबईहून कुणाची तरी वापरलेली आणलेली. हौस म्हणून नव्हे. त्यांच्या बायकोची, काकींची, किडनी गेली होती, आठवड्यातून दोनदा त्यांना कुडाळला डायलिसिसला न्यावं लागे. शेजारच्या घरात तात्यांचा धाकटा भाऊ, भाई. त्याची होडी, आणि मासळी वाहायला एक टेम्पो. दोन घरं, मध्ये एकच खळं, म्हणजे सामाईक अंगण. गाडी खळ्यात उभी राहायला लागल्यापासून भाईला जाळी सुकवायला जागा पुरेना, त्यावरून दोघांत एकदा बोलाचाली झालेली. तेवढीच. कुठल्या घरात होत नाही?

एकदा गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरायला लागला म्हणून मी तो काढून नेला, साफ केला, परत बसवला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तात्यांचा फोन आला — चावी फिरवली तर नुसती शांतता. मी गेलो. बॅटरी भरलेली होती. टर्मिनल घासली, चावी फिरवली — गाडी सुरू. म्हटलं, टर्मिनलवर खार चढला होता.

चार दिवसांनी परत तेच, आणि नेमकं कुडाळच्या दिवशी. त्या सकाळी भाईनं टेम्पोची सीट धुऊन काकींना त्यात बसवून नेलं. मी चावीचा स्विच बदलला. गाडी सुरू. म्हटलं, आता बघायला नको.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा पुन्हा कुडाळचाच दिवस.

मी हातात टेस्ट लॅम्प घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो. फ्यूज बघितले, रिले बघितला, अर्थिंग बघितलं. एक जागा तेवढी बघितली नाही. सेल्फ. तो माझ्या हातून गेलेला होता ना! आपलं काम माणूस तपासत नाही, दुसऱ्यांचं तपासतो. आणि गंमत बघा — बॉनेट आपटून बंद केलं, चावी फिरवली, गाडी सुरू. दोष दिसायचाच बंद.

तात्या शेजारी उभे होते. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. अगदी हळू म्हणाले, गाडी कुडाळच्या कुणाला दाखवू का, तुला वाईट नाही ना वाटणार?

आणि मी बोललो.

"तात्यानू, ह्या आपसूक होवचा नाय. कोणीतरी हात लावल्यान हा."

का बोललो? काही पाहिलं होतं का? काही नाही. वेळ मारून न्यायची होती. दोष माझा नाही, एवढंच त्या घटकेला सिद्ध करायचं होतं. पण तात्यांनी मान वळवली, आणि खळ्यापलीकडे भाईच्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मी ते पाहिलं. त्याच क्षणी मी म्हणू शकलो असतो — तसं नव्हे हो, उंदीर असेल, हादऱ्यानं असेल. मी पक्कड पिशवीत टाकली आणि निघालो.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी बॉनेटच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवायला सुरुवात केली. सकाळी उठून पट्टी तपासायची. एकदा ती फाटलेली सापडली, आणि टपावर मांजराची पावलंही होती. पावलं त्यांना दिसली नाहीत. भाई टेम्पोतून काकींना घेऊन गेला होता, त्याचाही अर्थ बदलला. गाडी बंद पाडायची आणि वर उपकार करायचे, असं ते मला म्हणाले. मी मान हलवली. हो, हलवली. संशय दुसऱ्याच्या दारात बसला की आपलं दार किती मोकळं वाटतं!

आठवड्याभरानं गाडी परत अडली. या वेळी मी खाली शिरलो. सेल्फवर चावीकडून येणारी एक बारीक वायर असते, तिच्या टोकाला दाबून बसवायची क्लिप. ती क्लिप निसटून लोंबत होती. मी ती बोटांनी परत बसवली, ओढली — अलगद निघून आली. पकडच नव्हती तिला. बसवताना पक्कडीनं जरा चेपायची असते. सेल्फ बसवला त्या दिवशी मी चेपली नव्हती. कधी टेकायची, कधी सुटायची. बॉनेट आपटलं की टेकायची.

पक्कडीनं एकदा दाबली. झालं काम. गाडीखाली मी किती वेळ तसाच पडून होतो, सांगता येत नाही. मला तात्यांच्या चपला दिसत होत्या.

त्यांनी विचारलं, काय गावला काय रे?

सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं. मी बाहेर आलो, हात पुसले, आणि म्हणालो — आपण एक स्विच बसवू, लपवून. तो दाबल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. मग कोणी हात लावो.

बसवलासुद्धा. डॅशबोर्डखाली, तात्यांच्या गुडघ्याजवळ. त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. कशी अडेल? पण तात्यांना याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? स्विच बसला आणि खोड्या थांबल्या. हे ते बाजारात चारचौघांत सांगू लागले, माझं नाव घेऊन. मग खळ्याच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली. भाईनं आधी भांडण केलं, मग शपथा घातल्या, मग बोलणंच सोडलं.

दीड वर्षानं काकी गेल्या. मी गेलो होतो. भाई बाहेर रस्त्यावर उभा होता, हातात हार घेऊन. तात्यांनी निरोप पाठवला होता की त्यानं आत पाऊल टाकायचं नाही. काकींना बाहेर आणलं तेव्हा त्यानं तो हार कुणाच्या तरी हाती दिला. त्या माणसानं तो घातला की नाही, मी बघितलं नाही. मी खाली बघत होतो.

काही दिवसांनी भाई माझ्या दुकानात आला, होडीचा दिवा आणि त्याची वायर घेऊन. मी सोल्डर करत होतो. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला,

"बाबल, गाडी तू उघडलंस. माका खरा सांग. कोणी हात लावलेलो काय रे?"

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्याला स्वतःवरच शंका यायला लागली होती — आपल्या घरातल्या कुणी तर नाही ना केलं? बायकोनं? मुलानं? हेही मीच पेरलेलं.

मी वर न बघता म्हणालो, "माका कसा कळतला, भाई?"

तो उठला. दिवा लागतो का ते बघितलं, वायर गुंडाळली आणि गेला.

तात्या आहेत. गाडी विकली त्यांनी. भाईही आहे. दोन्ही घरं माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी अजून गेलेलो नाही.