आईपेक्षा म्हातारा

तिकोणा पेठ हे आमचं गाव सोडून निघालो त्या सकाळी परगावच्या जीपवाल्याने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि माझ्या वडिलांना मागच्या दाटीत कोंबलं. "आबा, तुमी फुडं बसा. भाऊ, तुमी जरा मागं सरका," असं तो म्हणाला. त्यातला आबा म्हणजे मी, वय वर्षं एकतीस. कामशेत येईपर्यंत वडील मागून माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत बसले असणार.

पेठ ते लोणावळा म्हणजे केवढं अंतर! दुबईला गेलेले आमचे गाववाले हसतील. हसा बापड्यांनो. मी गाव सोडलं ते नोकरीसाठी कमी आणि लपण्यासाठी जास्त. गावात तुम्हा सगळ्यांना माझं खरं वय माहीत होतं, म्हणून तर तुम्ही टक लावून बघायचात. इथे मी चारचौघांसारखा एक म्हातारा झालो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

काम मिळालं ते पर्यटकांसाठी फोनवर बंगले बुक करण्याचं. माझ्या आजारात आवाजही बारीक होतो. कस्टमर विचारतात, "मॅडम, पूल प्रायव्हेट आहे ना?" मी म्हणतो, "हो सर, एकदम प्रायव्हेट." फोनवर मॅडम, रस्त्यावर आबा. मिलिंद आता फक्त आधार कार्डावर उरलाय.

आजाराचं नाव पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं: वर्नर सिंड्रोम. शरीर घाईघाईने म्हातारं होतं. "आईवडील नात्यातले का?" त्यांनी विचारलं. आई वडिलांची सख्खी मामेबहीण. तिने जी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. मोतीबिंदू आधीच काढून झाले होते, त्यात साखर निघाली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हातापायाच्या काड्या झालेल्या माणसाला कसली शुगर, असं तुम्ही म्हणायचात. पण अंगात इन्सुलिन असूनही माझं शरीर त्याचं ऐकत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, भात मोजून खायचा, रोज पाय तपासायचे. "पायाला जखम होऊ देऊ नका, भरणार नाही," असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

आणि मी काय केलं? भातलावणीच्या आधी टाचा आणि कुरुपं ब्लेडने तासायची आपल्याकडे पद्धत. शेत सुटलं, सवय सुटली नाही. गेल्या वर्षी लावणीचे दिवस आले तसा मी खोलीत पाय गरम पाण्यात भिजवून बसलो आणि तळव्याचं कुरूप तासलं. दुखलं नाही म्हणून आणखी तासलं. साखरेने तळवे बधिर झालेले; दुखत नाही हाच तर आजार होता. फरशी लाल दिसली तेव्हा कळलं.

जखम अजून आहे. हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

हे ऐकून शेत वडिलांवर सोडून आई इथे आली. घरमालकांनी कौतुकाने विचारलं, "मिसेस आल्या वाटतं गावाहून?" आई साठीची, केस अजून बरेचसे काळे. ती म्हणाली, "लेक हाय माझा. पोटचा." त्या गृहस्थांनी नंतर आठवडाभर तोंड दाखवलं नाही.

आता तीच बोटाला सुई टोचते, मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचते आणि दोनशेच्या वर गेला की माझ्याशी बोलत नाही. इंद्रायणीचा भात एक वाटी, दुसरी मागितली तर लय ओरडते. मला भीती वाटते. पायाची वाटते, आणि पायाच्या पुढचीही वाटते. आकडा चांगला आला तरी वाटते.

जगातल्या सगळ्या आया म्हणतात, माझ्यामागं तुझं कसं व्हायचं? माझी आई हे कधीच म्हणत नाही. परवा ती पट्टी बांधत होती तेव्हा मीच म्हणालो, "आई, यंदा लावणीला तरी गावी जा. बाबा एकटे पडतील."

वर न बघता ती म्हणाली, "तू हाईस तवर मी हितंच. मंग जाईन की."

बोलून गेली आणि तिचा हात थांबला. मी खिडकीबाहेर बघितलं. मग तिने गाठ सोडली, पट्टी पुन्हा नीट गुंडाळली आणि म्हणाली, "चल, जेवून घे."

आम्ही जेवलो. हल्ली मला कुणी घर कुठे विचारलं, तर मी पेठ सांगत नाही. ही खोली सांगतो.