गाभोळीवाली खेकडी

"त्या दिवशी वल्ह्याचा एक तडाखा बसला असता ना, तर आज घरात जेवण असतं," शेदली म्हणाला आणि हातातला पिंजरा त्यानं अंगणात आपटला. आतून बोय माशांची नुसती डोकी घरंगळली. बाकीचं सगळं खेकड्यांनी खाल्लेलं होतं.

"एक खेकडी सोडली मी. समुद्राला मी काय दार लावून ठेवलं होतं?" हल्लूमा म्हणाली. ती परातीत जवाचं पीठ मळत होती, तिनं वर पाहिलं नाही.

भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या मुलानं, वजदीनं मात्र पाहिलं. कुठली खेकडी, त्यानं विचारलं. सात वर्षं ही गोष्ट नवराबायकोच्या बाहेर गेली नव्हती.

मूळ भांडण झावळ्यांचं होतं. दर वर्षी या दिवसांत शेदली उथळ पाण्यात झावळ्यांचं लांब कुंपण रोवायचा. ओहोटीबरोबर परतणारा मासा त्या कुंपणाच्या कडेकडेनं जातो आणि टोकाला लावलेल्या पिंजऱ्यात शिरतो. ती जागा शेदलीच्या आजोबांची. कुंपण रोवायला दोन पुरुष लागतात. झावळ्या तोडून अंगणात रचून ठेवल्या होत्या, आणि वजदी म्हणत होता, मी रोवणार नाही. गुरुवारी मी जाणार आहे.

कुठे, हे केर्केना बेटांवर कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी याच गल्लीतून दोघं एका नावेत बसले. एकाचा इटलीहून फोन आला. दुसऱ्याची आई अजून धक्क्यावर जाऊन बसते, आणि बायका तिला हाताला धरून घरी आणतात.

हल्लूमा एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. पहिली पाच मुलं तिच्या पोटात राहिली नाहीत. सहाव्या खेपेला ती किनाऱ्यावरच्या सीदी मसऊदच्या दर्ग्यात गेली आणि नवस बोलली: हे राहू दे, पोटाशी अंडी असलेला कुठलाही जीव माझ्या घरात मरणार नाही. वजदी राहिला. तेव्हापासून गाभोळीवाली ऑक्टोपसची मादी असो की कोळंबी, हल्लूमा ती नवऱ्याला परत पाण्यात सोडायला लावायची. कॉफीच्या दुकानात शेदलीची थट्टा व्हायची, याच्या नावेत फक्त कुमारिका आणि म्हाताऱ्या मरतात. शेदलीही हसायचा. मासा भरपूर होता.

वजदी सोळा वर्षांचा होता त्या शरद ऋतूत ती खेकडी पिंजऱ्यात आली. निळे पाय, पाठीवर पांढरे ठिपके, दोन्ही टोकांना काटे. असली गावात कुणी पाहिली नव्हती. पोटाखाली नारिंगी गाभोळीचा गोळा, मुठीएवढा. शेदलीनं वल्हं उचललं. पिंजरे दुरुस्त करायला त्या दिवशी हल्लूमा नावेत होती. तिनं त्याचं मनगट धरलं.

दोन-अडीच वर्षांनी त्या खेकड्यांनी जाळी फाडायला सुरुवात केली. टीव्हीवर गळे कापणाऱ्या दहशतवाद्यांचं जे नाव ऐकू यायचं, तेच लोकांनी त्यांना ठेवलं: दाएश. स्फाक्स शहरातून विद्यापीठाची एक बाई आली. या पाण्यात हा प्राणी पहिल्यांदा कधी दिसला, कुणाला दिसला, हे तिनं घरोघर विचारलं. शेदली म्हणाला, आठवत नाही. पुढे तिचं संशोधन छापून आलं तेव्हा त्यात पलीकडच्या गावातल्या एकाचं नाव होतं. त्यानं दुकानात तो कागद चिकटवला, स्वतःचं नाव लाल पेनानं अधोरेखित करून. वजदीनं घरी येऊन तारीख सांगितली. हल्लूमानं बोटांवर मोजलं. तिच्या खेकडीनंतर दोन वर्षं आणि एक महिना.

ती बाई पुन्हा आली तेव्हा हल्लूमानं तिला चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, एका मादीला किती अंडी असतात? बाईला प्रश्नाचं फार कौतुक वाटलं. वीस लाखांपर्यंत, ती म्हणाली. जहाजांतून येतात, दोन समुद्र जोडणाऱ्या कालव्यातून येतात, एकीमुळे काही होत नाही, हेही ती म्हणाली. पण हल्लूमा आकड्यापाशीच थांबली होती.

हे सगळं आता शेदलीनं मुलाला सांगितलं, नवसासकट. सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला.

वजदी आधी हसला. "म्हणजे तिला वीस लाख झाली आणि तुला मी एकटा," तो म्हणाला. मग आईचा चेहरा बघून तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "उम्मी, तू नसती सोडलीस तरी ते आलेच असते. आणि तरी मी गेलोच असतो."

"त्या नावेत किती माणसं घेतात?" तिनं विचारलं.

"चाळीस."

"आणि मावतात किती?"

तो उठला.

गेल्या महिन्याभरात तिनं सगळं करून पाहिलं होतं. त्याचे बूट लपवले. तीन दिवस जेवली नाही. मामाला बोलावून त्याच्याकडून समजावून पाहिलं. दर्ग्यात जाऊन बसली, पण तिथे काय मागायचं हेच तिला सुचेना, आणि ती तशीच परत आली.

शेदली झावळ्यांच्या ढिगाकडे गेला. एकट्यानं काय जमेल ते मी रोवतो, असं काहीतरी पुटपुटत एकेक उचलून बाजूला ठेवू लागला. त्याचं बासष्टावं चालू होतं. गुडघाभर पाण्यात दोन तास उभं राहिलं की त्याला रात्रभर पाय शेकावे लागत. वजदी ते बघत उभा राहिला, मदतीला गेला नाही.

हल्लूमानं पिठाचे चार गोळे केले, ओलं फडकं त्यांच्यावर घातलं आणि हात धुतले. तिला पोहता येत नव्हतं. जन्मभर समुद्राकाठी राहून ती कधी कमरेच्या वर पाण्यात गेली नव्हती.

"वजदी, त्या नाववाल्या माणसाला फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं दोन जागा धर. गुरुवारी मीही येणार आहे. शेदली, बकरीला एकीकडून दूध कमी उतरतं. उजवीकडचं आधी काढत जा."