सीलबंद इंजिनाची दोरी

नदीकाठच्या त्या मोटरपंपावरचं रक्त मला आजही जसंच्या तसं दिसतं. फौजेतून निवृत्त झालेल्या एका शेतकऱ्याचं छोटं पेट्रोल इंजिन चालता चालता फुटलं. फ्लायव्हीलचा, म्हणजे बाजूच्या जड चाकाचा, तुकडा मानेत घुसून तो जागीच गेला.

दुपारी ते इंजिन विकणारा दुकानदार स्वतःच खबर घेऊन माझ्या ठाण्यात आला. "आवं सायेब, माजा माल वरिजनल हाय. कालच मेस्त्रीनं खोललंतं. त्यानंच डुप्लिकेट चाक घातलं आसणार."

मेस्त्रीला उचललं. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लावला. जामीन राहायला गावातलं कुणी पुढे आलं नाही. चौकशीत मी त्याला थोबाडीतही मारली. तो एकच सांगत राहिला, "म्या पलग बदलला सायेब. चाकाला हात बी लावला न्हाई. त्येच्या दुकानातली शीलबंद इंजनं आणा, पंचांम्होरं फोडा. त्यात म्या कवा हात घातला?"

हे ऐकायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी दुकानातून दोन सीलबंद इंजिनं आणली आणि एका बागायतदाराकडून त्याच कंपनीचं खात्रीचं जुनं. ठाण्याच्या व्हरांड्यात पोत्यावर भाग मांडले. रंग एक, नाव एक. मेस्त्रीनं पाना मारला. जुनं चाक खणखणलं. नवं थप्प वाजलं. खिळ्यानं रंग खरवडताच आतून पुट्टी निघाली. ओतकामातली भोकं बुजवली होती.

"दात भरल्यावानी भरलंय बगा," मेस्त्री म्हणाला.

दुकानदार खुर्चीत चहा पीत होता. "रंग खरवडून काय कळतंय? माल कंपनीचाच हाय."

"मग दुसरं चालू करा," मी म्हणालो. "पेट्रोल भरलंय. ओढा दोरी."

तो हसला. उठून दोरी धरली आणि सोडून दिली. "शिपायाला सांगा की, सायेब."

हवालदार म्हणाला, "का वं शेट? आमची मान काय लोखंडाची हाय?"

मग दुकानदारानं कबुली दिली. शिराळ्याकडे असंच चाक फुटून एकाची बोटं गेली, हे त्याला महिनाभर आधीच ठाऊक होतं. तरी विकत राहिला! त्यानंच दाखवलेल्या आष्ट्याजवळच्या गोदामात बिननावाची इंजिनं आणि कंपनीच्या नावाच्या पट्ट्यांची खोकी मिळाली. पंचनामा केला, त्याला अटक केली, मेस्त्रीला सोडलं.

जाताना मेस्त्रीनं विचारलं, "आन ह्या दोन दिसांचं काय, सायेब?"

इस्त्रीच्या कपड्याला आम्ही खुर्ची दिली आणि ऑइलानं काळ्या झालेल्या हातांना बेडी. तपास कसला? निव्वळ तोंड बघून न्याय! भाग आधी बघायचे, माणसाचे कपडे नाहीत, एवढं शिकायला मला त्याचा गाल लागला.

संध्याकाळी वडूजकडून फोन आला. आदल्याच दिवशी याच दुकानातून विकत नेलेलं नवं इंजिन सुरू करताच फुटून एका बाईचा डोळा गेला होता. मेस्त्री तेव्हा माझ्या कोठडीत होता आणि दुकान उघडं होतं. कागदोपत्री तो वेगळा गुन्हा आहे, हद्दही दुसऱ्या ठाण्याची. मी तसं मानत नाही.