टाकीतला अजगर

आमच्या आईवर इंटरनेटवरून अफवा पसरवल्याचा गुन्हा दाखल होता होता राहिला. मोबाईलचं हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं, हे तेव्हा आईला दर वेळी सांगावं लागायचं. (गुन्हा अर्थातच मी केला होता. घरातलं कुठलंही मोठं काम आई माझ्यावर सोपवत नसे, म्हणून हे मी स्वतःहून अंगावर घेतलं.)

आमचं गाव शिरड शहापूरच्या पुढे, आडवळणाला. मी हिंगोलीला कॉलेजात होतो, म्हणजे कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत होतो. त्या काळी इंटरनेटवर एक जागा होती. तिथे लोक मित्र जोडायचे, एकमेकांच्या पानावर चिठ्ठ्या टाकायचे आणि आपापल्या गावाचे कट्टे काढायचे. आमच्याही गावाचा कट्टा होता आणि पुण्या-नाशकाला कामाला लागलेली गावची पोरं त्यावर रोज हजेरी लावत. मी तिथे आईच्या नावानं खातं उघडलं होतं. कारण सोपं होतं, आईच्या शब्दाला गावात वजन होतं आणि माझ्या शब्दाला नव्हतं! आईचा फोटो जवळ नव्हता, म्हणून म्हशीचा लावला.

एका रविवारी घरी गेलो, तर आई नळावरून तणतणत आली.

"पाण्याला वास येऊन राहिला. टाकीत काहीतरी मेलंय! सरपंचाला सांगितलं, तर म्हणतो, वहिनी, नाक तपासून घ्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, भावजी, माझं नाक बराबर हाय. तुमी टाकी तपासा."

सोमवारी मी कॅफेत बसून आईची तक्रार आईच्याच नावानं कट्ट्यावर लिहिली. वाचून पाहिली, तर फारच मिळमिळीत वाटली. 'काहीतरी मेलंय' यात काय दम आहे? मी 'काहीतरी' खोडलं, तिथे 'अजगर' टाकला आणि उरलेली ओळ उद्गारचिन्हांनी भरून काढली!!!!!!

पुण्याला असलेल्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, ते वाचून गावात पहिला फोन केला. मग नाशिकहून फोन आले. दुपारपर्यंत अजगर बैलगाडीएवढा लांब झाला आणि संध्याकाळी त्याला जोडीदारीणही मिळाली. बाया घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीकडे वळल्या. टाकीखाली कुणीतरी नारळ फोडला. शेजारच्या गावातून जीप भरभरून लोक आले आणि त्यांच्यासाठी भज्यांचा गाडा लागला! लोक आईला विचारत, "अजगर तुमी सोता पाह्यला का?" आई म्हणे, "कोणता अजगर?" लोकांना वाटलं, सरपंचाच्या भीतीनं ही बोलत नाही.

सरपंचांची निवडणूक तोंडावर आली होती. त्यांनी कट्ट्यावरच्या त्या पानाची प्रिंट काढली आणि थेट पोलीस चौकी गाठली. इंटरनेटवर कुणाला तकलीफ होईल असं लिहिलं की सरळ आत टाकतात, असा नवा कायदा निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. लगेच आईला बोलावणं आलं आणि मी हिंगोलीहून धावत आलो. आईनं नवं लुगडं नेसलं, हातात पिशवी घेतली आणि मला पुढे घातलं.

जमादारांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "ह्या कोण?"

"आमची म्हैस, साहेब," मी म्हणालो.

"आन् आरोपी?"

"ही आमची माय."

जमादारांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आईकडे. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे कोठडी बरी!

"साहेब, हे सगळं मी लिहिलंय," मी कबूल केलं.

"बघा!" सरपंच ओरडले. "पोरगं आईला वाचवून राहिलंय! नाव कुणाचं हाय? वहिनीचं!"

सरपंचांनी माफीनामा लिहूनच आणला होता. टाकीचं पाणी स्वच्छ आहे, वास येतो हे मी खोटं बोलले, असं त्यात होतं. आईनं सही केली की तक्रार मागे. नाही केली, तर कोर्ट. मी खरंच घाबरलो होतो. माझ्या एका अजगरापायी आई कोर्टाच्या पायऱ्या चढणार होती.

"माय, करून टाक ना सही," मी कुजबुजलो.

"गप ऱ्हाय." आई जमादारांकडे वळली. "साहेब, अजगर म्या म्हणलाच न्हाई. पर माझ्या नावानं सुटलाय, तर मागं घेते. वास मागं घेणार न्हाई."

"बाई, बोलायचा हक सगळ्याला हाय," जमादार समजुतीनं म्हणाले. "पर खोटं पसरवायचा न्हाई."

"बराबर हाय. मग खरं बोलणारीला इथं काहून बसवलं?"

जमादारांनी डोकं खाजवलं. "अर्धं खरं, अर्धं खोटं... आता कलम अर्धं कसं लावू?"

"वास-बीस काही न्हाई, साहेब!" सरपंच उसळले. "एकदम शुद्ध पाणी! म्या सोता पितो!"

आईनं पिशवीतून बाटली आणि पेला काढला. आमच्याकडे दारात कुणीही आलं, वैरी का असेना, की आधी त्याच्यापुढे पाणी येतं आणि आलेलं पाणी परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान. आईनं पेला भरून दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या भावजी. उन्हातून आलात."

चौकीत वास पसरला. जमादारांनी रुमाल नाकाला लावला. सरपंचांची पुरती कोंडी झाली. नाही म्हणावं तर भावजयीचा अपमान, प्यावं तर दवाखाना! त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"मला आज उपास हाय," शेवटी ते म्हणाले.

"पाण्याचा?" जमादारांनी रुमालाआडून विचारलं.

पेला खाली आला. जमादारांनी माफीनाम्याची घडी घालून ती सरपंचांच्या खिशात खोचली. "टाकी उघडा. आन् अजगर ज्यानं सोडला, त्यानंच उतरून धरायचा."

आता माझी कबुली त्यांना एकदम पटली होती!

दुसऱ्या दिवशी सगळं गाव टाकीखाली. मी बादली आणि खराटा घेऊन आत उतरलो. आत पोटऱ्यांपर्यंत गाळ होता आणि वास असा, की आईच्या नाकाला मी मनातल्या मनात दंडवत घातला. खालून पोरं ओरडत होती, "चावला का रे?" मी वर आलो आणि एक मेलेलं कबुतर शेपटीला धरून उंच केलं. मग बायांनी जो गलका केला! तो सगळा आईसाठी होता. सरपंच स्वतः ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, आता एकदा वास घेऊन बघा." आई डोक्यावरचा पदर सारखा करत, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं पुढे झाली. मी वरून पाहत होतो आणि माझी छाती नुसती फुगली होती.

सोमवारी मी कॅफेत गेलो आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावानं कट्ट्यावर लिहिलं. अजगर नव्हता, कबुतर होतं. टाकी मी स्वतः उतरून, घासून धुतली. एकही उद्गारचिन्ह टाकलं नाही. खाली लगेच दाजींचं उत्तर आलं.

"अजगर एक वेळ मानला असता. पण तू टाकी धुतलीस? असल्या अफवा पसरवू नको बाबा, आता कायदा आलाय!"