लान्स नायक खरात आणि उत्तम शुक्रवार

नोकरीतलं शेवटचं पोस्टिंग मला दिल्ली कॅन्टोन्मेंटला मिळालं. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नायब सुभेदार होतो. त्याआधीची वर्षं डोंगरात पूल बांधण्यात आणि सुरुंग काढण्यात गेली होती. दिल्लीतलं काम वेगळं होतं. कुठे इमारत पडली, पूर आला आणि सिव्हिल प्रशासनाने मागणी केली, तर आमची तुकडी बाहेर पडायची. एरवी पीटी, परेड, जॅक आणि कटर चालवून बघणं, स्टोअरची तपासणी. फौजेत वाट बघणं हेही कामच असतं.

लान्स नायक प्रकाश खरात माझ्या प्लाटूनमध्ये होता. तो जालन्याकडचा, मी नगरचा. तुकडीत मराठी ख्रिस्ती आम्ही दोघेच. खरात अंगाने सडपातळ होता. त्यामुळे अरुंद जागेत शिरायचं असेल तर आधी तोच जायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. बाहेर आला की धूळ झटकायचा आणि चहा मागायचा.

त्याची बायको शालिनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला होती. आर. के. पुरमला तिच्या नावावर क्वार्टर होतं. खरातला बाहेर राहण्याची परवानगी होती. एस्तेर नावाची मुलगी पहिलीत जायची आणि बापाशी हिंदीत भांडायची.

सुट्टी मिळाली की रविवारी आम्ही मराठी उपासनेला जायचो. आमच्या मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. एका चर्चचा हॉल दुपारी मिळायचा. सरकारी नोकरीतली कुटुंबं, गावाहून आलेल्या कुणाच्या आई, यूपीएससीची तयारी करणारी पोरं असे सगळे जमायचे. त्या पोरांतली दोघं-तिघं ख्रिस्ती नव्हती. मराठी कानावर पडावी आणि नंतर घरचं जेवण मिळावं म्हणून यायची. कोणाची हरकत नसे. खरात गाणी मोठ्याने म्हणायचा. सूर लागत नसे, पण शब्द सगळे पाठ होते.

हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी कॉल आला. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या नव्या शेडचा स्लॅब कोसळला होता. माणसं अडकली होती. आम्ही ताबडतोब निघालो.

पोहोचलो तेव्हा कंपनीच्या बस रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. दोरीच्या पलीकडे कामगार उभे होते. इतकी माणसं होती, पण आवाज नव्हता. पोलिस आणि फायर ब्रिगेडने बऱ्याच जणांना आधीच बाहेर काढलं होतं. दुपारपर्यंत आम्ही आणखी काही काढले. काही जिवंत, काही नाही. मग ढिगाऱ्यातून एकच आवाज यायचा राहिला.

त्याचं नाव बिरजू. बिहारचा, कंत्राटी कामगार. त्याचा मोठा भाऊ लल्लन जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात होता, तो शिफ्ट सोडून धावत आला होता. लल्लन दोरीजवळ उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जवानाला तो एकच गोष्ट सांगत होता. "साब, उसको अँधेरे से डर लगता है."

बिरजूच्या दोन्ही पायांवर बीम होता. त्याच्यापर्यंत जायला एकच फट होती. मी खरातकडे बघितलं. त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला, पाण्याची बाटली आणि वायरलेस सेट घेतला आणि पोटावर सरकत आत गेला. आम्ही मागोमाग टेकू लावत गेलो. बीम दुसऱ्या बाजूने कापायचा, असा आमच्या मेजरसाहेबांचा प्लॅन होता. प्लॅन बरोबर होता, पण त्याला वेळ लागणार होता.

सेटवर खरातचा आवाज आला. "साहेब, शुद्धीत आहे. पाणी पाजलं. किती वेळ लागेल विचारतोय. ओव्हर."

"काम चालू आहे म्हणून सांग. ओव्हर."

"तेच सांगितलं. परत विचारतोय. ओव्हर."

"परत सांग."

दुपारभर असंच चाललं. कटर चालायचा, थांबायचा. थांबला की फटीतून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. बिरजू गावाकडच्या तळ्याबद्दल बोलत होता. खरात त्याला विचारत होता, मासे कोणते मिळतात, भावाचं लग्न झालं का. एकदा बिरजूने विचारलं, "आप जाओगे तो नहीं?" खरात म्हणाला, "कहाँ जाऊँगा यार, इतना टाइट फँसा हूँ." त्यावर आतून हसण्याचा आवाज आला. ते हसणं नेमकं कोणाचं होतं, ते मला कळलं नाही.

उजेड उतरायला लागला होता. तडा वाढतोय का हे कळावं म्हणून आम्ही उभ्या खांबावरच्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. ती तडकली. मेजरसाहेबांनी वर बघितलं आणि ऑर्डर दिली. "सगळे बाहेर. आत्ताच्या आत्ता."

मी सेट उचलला. "खरात, बाहेर ये. ताबडतोब. ओव्हर."

"रॉजर साहेब. येतो. ह्याला सांगून येतो."

"सांगत बसू नकोस. निघ."

"साहेब, हात धरलाय त्याने."

त्यानंतर त्याचं बोट सेटच्या बटणावरच राहिलं असावं. मला पुढचं ऐकू आलं. "बिरजू, सुन भाई. डरना मत. मैं..."

खांब खचला. धूळ उडाली. मग सेटमध्ये नुसती खरखर राहिली. मी बराच वेळ त्याचं नाव घेत होतो. शेवटी मेजरसाहेबांनी माझ्या हातातून सेट काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना बाहेर काढलं. मी स्वतः काढलं. खरातचं तोंड बाहेरच्या दिशेला नव्हतं. बिरजूच्या दिशेला होतं.

नंतर चौकशी झाली. मला विचारलं गेलं, लान्स नायक खरात यांनी ऑर्डर मोडली का? मी म्हणालो, त्याने रॉजर म्हटलं होतं. त्यापुढे मला माहीत नाही.

दिल्लीतच दफन झालं. सलामी झाली, बिगुल वाजला, तिरंगा घडी करून शालिनीच्या हातात दिला. ती रडली नाही. दफनाच्या वेळी आमच्या मंडळीचे पाळकसाहेब वधस्तंभाबद्दल बोलत होते. एस्तेरने आईचा पदर ओढला. "मम्मी, वधस्तंभ मतलब?" शालिनी म्हणाली, "क्रॉस." एस्तेर म्हणाली, "तो क्रॉस बोलो ना."

लोक भेटायला येत होते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाई शालिनीला जवळ घेऊन म्हणाल्या, "ख्रिस्तासारखा दुसऱ्यासाठी प्राण देऊन गेला गं." शालिनीने त्यांचा हात बाजूला केला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "दादा, दुसऱ्यासाठी म्हणजे काय? दुसराही गेला. कोण वाचलं?"

त्यानंतर तिने उपासनेला येणं बंद केलं.

मी रिटायर झालो आणि मयूर विहारला मुलीच्या घराजवळ राहायला आलो. मेट्रोने अधूनमधून आर. के. पुरमला जायचो. शालिनी चहा करायची, ऑफिसच्या गोष्टी सांगायची. प्रकाशचा विषय निघाला की उठून आत जायची. लल्लनचा फोनही यायचा. मानेसरला त्याने माझा नंबर घेतला होता. बोलायला फारसं काही नसायचं. "ठीक हैं, साब?" "ठीक है. तुम?" एवढंच.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. मंडळीतले सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी मला चौथा उद्गार दिला. त्यात येशू देवाला विचारतो की तू मला का टाकलंस. मी नाही म्हणणार होतो. ते म्हणाले, "साळवे, उपदेश नको. जे बघितलं ते सांगा."

खरातबद्दल बोलायचं तर आधी शालिनीला विचारायला हवं होतं. मी तिच्या घरी गेलो. तिने ऐकून घेतलं.

"बोला," ती म्हणाली. "पण हिरो वगैरे म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"घरातून निघताना तीन-तीनदा येतो म्हणायचा. दारातून, जिन्यातून, खाली स्कूटरवरून. मला वैताग यायचा. ऑफिसला उशीर होतोय आणि ह्याचं येतो संपतच नाही." तिने कप बाजूला सरकवला. "दादा, ऑर्डर मिळाल्यावर तो निघाला होता ना? वेळच कमी पडला ना?"

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. आता तिने विचारलं होतं, म्हणून सांगितलं. त्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते.

ती उठली नाही.

"म्हणजे तो निघालाच नव्हता."

"मला माहीत नाही, शालिनी. क्षणभराचाच वेळ होता."

"मला माहीत आहे. मी ओळखते त्याला. घरी आम्ही दोघी होतो, दादा. आणि तो एका अनोळखी माणसापाशी राहिला. त्याने असं का केलं? मी कोणाला विचारू? देवाला विचारते, तर देव तर स्वतःच वर लटकून तेच विचारतोय."

मी चहा संपवला. निघताना दारात पाय अडखळला, कारण येतो म्हणायचं धाडस होईना. नुसती मान हलवून जिना उतरलो.

उत्तम शुक्रवारी लल्लनचा फोन आला. त्याला सुट्टी होती. मी म्हटलं, आज मी तुझ्या भावाबद्दल बोलणार आहे. यायचं तर ये. तो मानेसरहून आला. अंगात इस्त्री केलेला शर्ट होता. हॉलमध्ये शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला. मराठी त्याला कळत नव्हती.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि जे इथे लिहिलं तेच सांगितलं, याहून कमी शब्दांत. सेटवरचं शेवटचं वाक्य सांगितलं. मग मला अर्थ सांगायचा होता. लहानपणापासून शिकलो होतो की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि त्याच्या मरणाने आपण वाचलो. मी ते मानतो. पण त्या दोघांतलं कोणीच वाचलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. पाळकसाहेबांनी खुणेने बसायला सांगितलं. मी बसलो.

उपासना संपली. त्या दिवशी आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. लोक गुपचूप बाहेर पडत होते. मी मागे लल्लनकडे गेलो आणि मग दिसलं, दारापाशी शालिनी उभी होती. एस्तेरचा हात तिच्या हातात होता. केव्हा आली होती कोण जाणे.

लल्लनने तिला एकदाच पाहिलं होतं, दफनाच्या दिवशी, लांबून. तो उठून उभा राहिला. हात जोडले आणि खाली बघत राहिला. शालिनी त्याच्या पुढच्या बाकावर येऊन बसली. मीही बसलो.

समोर साधा लाकडी क्रूस होता. त्याच्यावर काळं कापड टाकलेलं होतं. थोड्या वेळाने लल्लनने मला विचारलं, "साब, आज आपके यहाँ क्या होता है?"

"आज के दिन हमारे प्रभु को मार दिया गया था. उसी लकड़ी पर."

"किसी ने बचाया नहीं?"

"नहीं."

"अकेले थे?"

मी उत्तर द्यायच्या आधी शालिनी बोलली. तिने मागे वळून बघितलं नाही. "दोनों तरफ दो आदमी और थे. उनको भी वही सज़ा मिली थी."

"वो बचे?"

"नहीं. वो भी मरे."

लल्लन क्रूसाकडे बघत राहिला. त्याला आमच्या धर्मातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त तो मानेसरचा ढिगारा माहीत होता.

"तो उन दोनों के साथ तो कोई था," तो म्हणाला.

शालिनीने चेहऱ्यावर पदर घेतला आणि ती रडायला लागली. आवाज मोठा नव्हता, पण थांबत नव्हता. लल्लनही रडत होता. एस्तेर एकदा आईकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. मी उठलो नाही. उठून करण्यासारखं काही नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही बसून राहिलो, चौकीदार दार लावायला आला तोपर्यंत.

वधस्तंभाचा अर्थ मी आजही नीट सांगू शकत नाही. पाळकसाहेब सांगतात, मी ऐकतो. माझ्यापुरतं एवढं कळलं आहे. जिथून बाहेर निघता येत नाही अशा जागी माणूस पडतो, तेव्हा त्याच्या शेजारी देव असतो आणि ऑर्डर आली तरी तोंड फिरवत नाही. त्याने दुःख कमी होत नाही. शालिनीचं झालेलं नाही. तिचा प्रश्न अजून तसाच आहे. पण ती आता उपासनेला येते आणि तो प्रश्न तिथे बसून विचारते.

उत्तम शुक्रवारी आमच्या मंडळीत गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. पाळकसाहेब नाव घेतात, लान्स नायक प्रकाश खरात. मग ते थांबतात, कारण पुढचं नाव शालिनी घेते. बिरजू.