भाऊजींच्या बियाण्यावर युरिया

प्रमिलाबाईंची उभी हयात सुरतेच्या मराठी शाळेत पोरांच्या खोड्या पकडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना स्वतःलाच खोड्या सुचू लागल्या.

सुरतेतल्याच कोसाडला घरामागे त्यांनी चांदणी नावाची गाय बांधली होती. शेजारचा मोकळा प्लॉट त्यांच्या दिवंगत यजमानांनी धाकट्या भावासोबत घेतलेला. हे भाऊजी, विनायकराव, बँकेतून निवृत्त होऊन एका शेती शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी प्लॉटभर दीनानाथ नावाचं चाऱ्याचं गवत पेरलं.

"वहिनी, मला बियाणं काढायचंय," विनायकराव म्हणाले. "बी झाडून घेतलं की काड तुमच्या चांदणीला."

"वाळलेलं काड? ती नाकसुद्धा लावणार नाही, भाऊजी."

"सवय होईल हो!"

हे 'सवय होईल' प्रमिलाबाईंना झोंबलं. त्या तडक खतांच्या दुकानात गेल्या. दुकानदार भूपेंद्रभाईंनी गवताला युरिया किती घालायचा ते सांगितलं आणि बजावलं, "बेन, वधारे नाखशो तो घास बहु वधशे, पण बी ओछुं पडशे."

गवत माजेल, बी कमी धरेल! बाईंना हवं होतं ते नेमकं हेच.

पावसाची भुरभुर असली की त्या फुलांच्या परडीत, जास्वंदीखाली युरिया लपवून प्लॉटवर जायच्या आणि भाऊजींनी आधीच घातलेल्या खतावर आणखी मुठी फेकून यायच्या. गवत हिरवंकंच झालं, छातीला लागलं. विनायकराव येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवू लागले. "बघा वहिनी, पिकाला जाणत्या माणसाचा हात लागतो!"

"लागतो खरा," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि हसू लपवायला पदर तोंडाशी नेला.

नवरात्रात वाऱ्यासकट एक सर आली आणि पाला जड झालेलं सगळं गवत भुईसपाट झालं. कणसं शोधून सापडेनात. जी होती ती चिखलात. विनायकराव बांधावर डोकं धरून बसले. त्यांचा चेहरा बघूनही बाईंची जीभ काही थांबली नाही.

"कुजण्याआधी कापून घेऊ या ना. चांदणी खाईल."

चांदणीने ते लुसलुशीत गवत अधाशासारखं खाल्लं. दूध वाढलं, तसं तिचं पोटही बिघडलं. अंगण, भिंत, तुळशीचा कट्टा, सगळीकडे पातळ शेण. प्रमिलाबाई पदर खोचून बादल्यांवर बादल्या ओतत होत्या, तेवढ्यात विनायकराव फाटकात उभे राहिले. बी का धरलं नाही हे विचारायला ते नेमके भूपेंद्रभाईंकडेच गेले होते.

"वहिनी, युरिया घेऊन गेलेल्या मास्तरीणबाई कोण हो?"

बाईंच्या हातातला खराटा थांबला. "शिक्षा काय ती सांगा, भाऊजी."

विनायकरावांनी अंगणाकडे पाहिलं, मग वहिनींच्या माखलेल्या पायांकडे, आणि त्यांना हसू आवरेना. "मी आणखी काय सांगू? चालू द्या!"

पुढच्या पावसाळ्यात मध्ये विटांची रांग टाकून प्लॉट वाटला गेला. बाईंच्या भागात युरिया थोडा जास्त, आणि गवत कोवळं असतानाच कापणी. भाऊजींकडे बेताचं खत. त्यांचं गवत कमरेएवढंच राहिलं, पण कणसांनी भरलं.

बी झाडायला मात्र दोघं मिळून बसले. ते लोकरीसारखं बी साडीला, पँटला, केसांना असं चिकटलं की विनायकरावांच्या बायकोने, अलकाने, दोघांनाही दारातच अडवलं.

"आधी एकमेकांना झटका," ती म्हणाली, "मगच चहा."